उदबत्तीच्या पुड्यालाही त्रिकोण हवा
(केळझर, जि. वर्धा येथील बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून हा माणूस आज उदबत्ती आणि साबणावर का बोलतो आहे, असे तुम्हाला वाटेल. इथे येण्याआधी तुमच्यापैकी पुष्कळ जण टेकडीवरच्या गणपतीला उदबत्ती लावून आले असतील. त्या उदबत्तीपासूनच सुरुवात करतो.

डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय मानक ब्युरोने उदबत्तीसाठी नवे मानक जाहीर केले. त्याचा क्रमांक आय. एस. १९४१२. उदबत्तीत काय घालायचे नाही, याची यादी त्यात आहे. त्यातली काही नावे वाचतो : सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, फिप्रोनिल. ओळखलीत? ही तुमच्या फवारणीच्या पंपातली नावे आहेत. यादीत पुढे बेन्झिल सायनाइड, इथाइल अॅक्रिलेट, डायफिनाइल अमाइन अशी सुगंधाच्या कारखान्यातली रसायनेही आहेत.

प्रत्येक उदबत्तीत हे विष असते, असे मी म्हणत नाही. पण बोंडअळीसाठीचे औषध देवघरात जाळू नका, असे लिहून सांगण्याची वेळ आली, यातच सगळे आले. शेतात फवारताना आपण तोंडाला फडके बांधतो, वाऱ्याची दिशा पाहतो. देवघरात तर दार लावून, लेकराला मांडीवर घेऊन बसतो.

औषधाच्या डब्यावर त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही लाल म्हणजे जहाल एवढे कळते. कीटकनाशक विकायचे तर १९६८ च्या कायद्याने नोंदणी लागते, आत काय आहे ते डब्यावर छापावे लागते. एवढे असूनही २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हातमोजे घातले नाहीत, असा दोष वर मेलेल्यांनाच दिला गेला. नाव छापलेले असताना ही गत, तर ज्या मालावर नावच नाही तिथे दाद कोणाकडे मागायची?

आता साबण घ्या. घरी गेल्यावर वेष्टण वाचा. तेल, रंग, मीठ यांची नावे सापडतील. वासाच्या जागी पुष्कळदा एकच शब्द असतो : परफ्यूम. त्या एका शब्दामागे दहा-वीस, कधी शंभर पदार्थ असतात. कापूस वेचून चिरलेल्या हातांना खाज सुटली, पुरळ उठले, तर डॉक्टर विचारतो, काय लावले होते? बाई सांगते, साबण. त्याच्या पुढचे उत्तर ना तिच्याजवळ, ना डॉक्टरजवळ.

युरोपात हे उत्तर द्यावे लागते. तिथे २००५ पासून पुरळ उठवू शकणाऱ्या २६ सुगंधी पदार्थांची नावे छापणे सक्तीचे झाले. अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ०.००१ टक्क्यापेक्षा आणि धुऊन जाणाऱ्या साबणात ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर नाव छापायचे. २०२३ साली ही यादी वाढवून ८० च्या वर नेली. नव्या मालाला जुलै २०२६ आणि बाजारातल्या जुन्या मालाला जुलै २०२८ अशी मुदत दिली. लिलिअल नावाचा फुलासारखा वास देणारा पदार्थ साबण-शाम्पूत वर्षानुवर्षे चालला. तो प्रजननाला घातक ठरू शकतो असे ठरल्यावर १ मार्च २०२२ पासून युरोपने तो बंद केला.

सुगंधाच्या धंद्याची स्वतःची संघटना आहे. ती १९७३ साली स्थापन झाली आणि कोणता पदार्थ किती वापरावा याच्या मर्यादा घालते. ते काम वाईट नाही. पण लिलिअलही त्या मर्यादांत बसून विकला जात होता. माल विकणाऱ्यानेच काटा धरायचा, हे आपल्याला नवे नाही. एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडरच्या एका शब्दाने गाडीभर कापसाचा दर्जा कसा खाली यायचा, ते इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

कोणी म्हणेल, आपण लायसन-परमिटच्या विरुद्ध लढलेली माणसे, मग हे नवे नियम कशाला मागता? फरक आहे. कोणी माल करावा, कोणी विकावा हे सरकारने ठरवू नये. पण विकणाऱ्याने आत काय आहे ते खरे सांगावे. खुला बाजार खऱ्या मापावर चालतो. झाकलेला माल म्हणजे खुला बाजार नव्हे.

आणि आपण फक्त गिऱ्हाईक नाही. रोशा गवत तुम्हाला ठाऊक आहे. हलक्या जमिनीत, कमी पाण्यात येते. खानदेशात भट्ट्या लावून त्याचे तेल काढत. ते मुंबईहून तुर्कस्तानपर्यंत जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. त्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास जिरेनिऑल असते. तेच जिरेनिऑल युरोपच्या २६ नावांत आहे. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे समजू नका. बिब्बा झाडाचाच असतो, तरी उततो. म्हणून रोशा लावू नये असे नाही. किती वापरायचे आणि नाव छापायचे, एवढाच त्याचा अर्थ.

पण तेलाचा भाव जिरेनिऑल किती यावर ठरतो, आणि ते मोजायचे यंत्र घेणाऱ्याकडे असेल तर रोशाची गतही कापसासारखीच होईल. वर्ध्यात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. अशा ठिकाणी शेतकऱ्याला परवडेल अशा दरात तेल तपासून दाखला मिळाला पाहिजे.

तेव्हा या बैठकीने तीन मागण्या कराव्यात. एक, साबण, क्रीम, तेल यांवर पुरळ उठवणाऱ्या सुगंधी पदार्थांची नावे मराठीत छापावीत. दोन, आठवडी बाजारातल्या उदबत्तीचे नमुने सरकारने तपासावेत आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. तीन, सुगंधी तेलाच्या तपासणीची सोय जिल्ह्यात व्हावी.

मायबहिणींना एवढेच सांगतो. डास मारणारी उदबत्ती घेताना पुड्यावर औषधाचे नाव आणि नोंदणी क्रमांक पाहा. नसेल तर घेऊ नका. उदबत्तीवर मानकाचे चिन्ह असले तरी धूर तो धूरच. खिडकी उघडी ठेवा. हाताला पुरळ उठले तर वेष्टण फेकू नका, डॉक्टरला दाखवा. आणि त्यावर नुसते परफ्यूम लिहिले असेल, तर ते वेष्टण पुढच्या बैठकीला घेऊन या. ती सगळी वेष्टणे एकत्र करून आपण मागण्यांच्या निवेदनाला जोडू.