जंतूचा माग काढा, बाईचा नको

(कापूरहोळ येथील महिला आरोग्य मेळाव्यात केलेलं भाषण)



बाळंतपणानंतर ताप भरला, टाके पिकले, की पहिली उलटतपासणी होते ती बाईचीच. गार पाण्यात हात घातलास का? काय खाल्लंस? बाळाला जंतुसंसर्ग झाला तर आईनं स्वच्छता पाळली नाही. घरी सासू म्हणते, आणि पुष्कळदा दवाखान्यातही तेच ऐकावं लागतं. जंतू आला कुठून हे मात्र कोणी तपासत नाही. आज ते तपासता येतं, एवढंच सांगायला मी आले आहे.

जात्यावरची ओवी आठवा. लेक सासरी जाते, तिच्याबरोबर ओवी जाते. तिथं एखादा शब्द बदलतो आणि पुढं लेकीसुना तो बदललेला शब्दच गातात. दोन गावांच्या ओवीत नेमका तोच बदल सापडला, की त्यांचं नातं कळतं. जंतूचंही तसंच. क्लेबसिएला नावाच्या जंतूच्या अंगात सुमारे ५० लाख अक्षरांची पोथी असते. जंतू वाढताना तिची नक्कल होते, क्वचित एखादं अक्षर चुकतं. दोन रोग्यांच्या जंतूंत दोन-चार अक्षरांचाच फरक निघाला, तर एकाचा दुसऱ्याला लागला किंवा दोघांना एकाच ठिकाणाहून लागला असं धरता येतं. हजारो अक्षरांचा फरक असला तर संबंध नाही.

अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात जून २०११ मध्ये एक बाई दुसऱ्या रुग्णालयातून आली. तिच्या अंगातला क्लेबसिएला जवळजवळ कुठल्याच प्रतिजैविकाला दाद देत नव्हता. तिला वेगळं ठेवलं. जुलैत ती घरी गेली. तीन आठवड्यांनी दुसरा रोगी सापडला, मग तिसरा. एकूण १८ जणांना लागण झाली. ११ दगावले, त्यांतले ६ या जंतूमुळे. पोथ्या वाचल्या तेव्हा कळलं, सगळ्यांचा जंतू त्या पहिल्या बाईच्याच जंतूपासून पसरला होता. मधल्या काळात तो काहीच त्रास न होणाऱ्या रोग्यांच्या अंगावर मुक्काम करून होता. बेसिनच्या मोरीत सापडला, पुसून ठेवलेल्या श्वासयंत्रावरही सापडला! यात त्या बाईचा काय दोष? तीही उपचारालाच आली होती.

आपल्याकडे दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात साडेतेरा हजारांवर नवजात बाळांचा अभ्यास झाला. रक्तात सर्वांत जास्त सापडला तो असिनेटोबॅक्टर, मुख्यतः रुग्णालयात ठाण मांडणारा जंतू, आणि बहुतेक औषधांना तो जुमानत नव्हता. त्याआधी, २०१० मध्ये, एका औषधरोधक जनुकाला नव्या दिल्लीचं नाव दिलं म्हणून केवढा गदारोळ झाला! देशाच्या अब्रूची काळजी सगळ्यांना, बाळंतिणीची कोणाला?

कोविडच्या काळात पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांनी विषाणूंच्या पोथ्या वाचल्या. म्हणजे ही विद्या इथून तासाभराच्या वाटेवर आहे. पण पोथी वाचायला आधी जंतू हाती लागावा लागतो, आणि आपल्या बायांचं रक्त कल्चरला जातच नाही. थेट इंजेक्शन सुरू होतं.

एक धोका मात्र मला दिसतो. माग मोरीपर्यंत गेला की बोट सफाईवालीकडे वळेल. ती कंत्राटावर, तिची बाजू मांडायला कोणी नाही. तिला हातमोजे मिळतात का, एका पाळीत किती वॉर्ड पुसते, एका सिस्टरच्या अंगावर किती रोगी असतात, नळाला पाणी असतं का, हे पोथीत लिहिलेलं नसतं. ते आपल्यालाच विचारावं लागेल.

म्हणून आशाताईंनो, बाळंतीण तापानं फणफणली तर पहिल्या प्रतिजैविकाआधी कल्चर घेतलं का, हे विचारा. रिपोर्टची प्रत मागून घ्या, ती घरात जपून ठेवा. आणि रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत कोणीतरी उठून विचारा, की बाळंतिणींच्या वॉर्डातली मोरी शेवटची कधी तपासली, आणि काय निघालं.