मद्याची ओढ आणि मेंदूंतील ग्राहक



शाळेंत असतांना मद्यपानाच्या दुष्परिणामांवरील निबंध मीं कित्येक वर्षें तपासले, आणि शेवटीं फळ्यावर एकच वाक्य लिहून देत असें : दारू सुटत नाहीं, कारण मन दुबळें असतें. माझा एक बुद्धिमान् विद्यार्थी पुढें याच व्यसनांत सांपडला. एकदां तो भेटीस आला असतां त्यालाही मीं हेंच वाक्य ऐकविलें. तो पुन्हां कधीं आला नाहीं. आज ज्या प्रयोगांविषयीं बोलणार आहें, ते वाचल्यापासून तें वाक्य मला अपुरें वाटूं लागलें आहे.

मेंदूंतील पेशी एकमेकींना निरोप धाडतात, ते रासायनिक द्रव्यांच्या द्वारें. डोपामीन हें त्यांपैकीं एक. सुख आणि हव्यास यांच्याशीं त्याचा निकट संबंध आहे, व मद्य पोटांत गेलें कीं मेंदूच्या कांहीं भागांत तें वाढतें. पण निरोप आला तरी तो घेणारा हवा. पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांचे जे रेणु तो घेतात, त्यांना ग्राहक म्हणतात. दुकानांतील गिऱ्हाइकाशीं यांचें नातें नाहीं. परंतु गुत्त्यावरचें गिऱ्हाईक घडविण्यांत यांचा हात असावा, असें दिसतें.

अमेरिकेंतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेंत पानायोटिस थानोस, नोरा व्होल्कोव व त्यांचे सहकारी यांनीं केलेला प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. उंदरांपुढें साधें पाणी आणि मद्यार्क घातलेलें पाणी, दोन्ही ठेवलीं. ज्यांना मद्याची गोडी लागली, त्यांच्या मेंदूंतील सुखाशीं निगडित अशा एका लहान भागांत, विषाणूला वाहन करून, डी-टू जातीचे डोपामीन-ग्राहक निर्माण करणारें जनुक पोंचविलें. ग्राहक ५२ टक्क्यांनीं वाढले आणि मद्याचें सेवन ६४ टक्क्यांनीं घटलें! कांहीं दिवसांनीं ग्राहक पूर्ववत् झाले, तसें पिणेंही पूर्ववत् झालें. या उंदरांना कोणीं उपदेश केला नव्हता, कीं शपथ घातली नव्हती.

मात्र येथें घाई करूं नये. हे ग्राहक मुळींच नसलेले छोट्या जातीचे उंदीर मद्य कमी पितात, असें १९९८ सालीं आढळलें होतें. सुखाचा निरोपच पोंचेनासा झाला, म्हणून ओढही उरली नाहीं, असा त्याचा एक अर्थ लावतां येईल. तात्पर्य, ग्राहक अधिक तर दारू कमी, इतकें हें गणित सरळ नाहीं.

तरीही असल्या संशोधनाचें फळ मनुष्याच्या पदरीं पडलें आहे. अफूजन्य द्रव्यें ज्या ग्राहकांवर कार्य करितात, ते अडविले असतां उंदरांचें पिणें घटतें. असेंच कार्य करणारें नाल्ट्रेक्सोन हें औषध १९९४ सालीं अमेरिकेंत मद्यासक्तीवर मान्य झालें. सर्वांनाच त्याचा गुण येतो असें नाहीं. पण कित्येकांना येतो.

मग मनुष्य निर्दोष ठरला काय? नाहीं. उंदराला विवेक नाहीं, आपणांस आहे. परंतु ज्याच्या मेंदूंतच ओढ रुजली आहे, त्याला केवळ धिक्कारून काय साधणार? घरांत असा कोणी असेल, तर त्याला बोल लावण्यापूर्वीं डॉक्टरांकडे न्यावें. माझा तो विद्यार्थी आज दारांत उभा राहिला, तर मीं त्याला प्रथम बसावयास सांगेन, आणि मग त्याच्याबरोबर स्वतः जाईन.