आईचा चहा साडेदहाला

मागे जो खळखळ आवाज येतोय ना, तो नेटवर्कचा प्रॉब्लेम नाही. आजचा भाग मी घरच्या किचनमधून रेकॉर्ड करतोय आणि गॅसवर चहाचं पाणी ठेवलंय. आजचा विषयच तो आहे. घरचा मसाला चहा, दूध न फाटता. पण रेसिपीआधी मी चहा करायला का लागलो ते सांगतो, नाहीतर अर्धी गोष्ट राहून जाईल.

आम्ही छत्रपती संभाजीनगरात, सिडकोत राहतो. मी सॉफ्टवेअरमध्ये, वर्क फ्रॉम होम. दिवसभर घरात बसलेल्या माणसाला चहा लागतोच. उठल्यावर एक, मीटिंगच्या आधी एक, चार वाजता एक. मी काय करायचो? म्यूट दाबायचो आणि खोलीतूनच ओरडायचो, "आई, चहा!" पाच मिनिटांत कप टेबलावर. तो कसा होतो, कधी होतो, त्यासाठी आई हातातलं कोणतं काम सोडून येते, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

गेल्या वर्षी आईला जिना चढताना धाप लागायला लागली. ती म्हणायची, वय झालंय. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.7. बायकांमध्ये 12 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्या केल्या आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. आई गोळी एक दिवस चुकवायची नाही. दोन महिन्यांनी परत रिपोर्ट काढला. 8.9.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?"

आई म्हणाली, "सकाळी, चहा-पोळीबरोबर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. चहात टॅनिनसारखी पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात. चहाचा तुरटपणा त्यांचाच. ती पोटात लोहाला धरून ठेवतात आणि ते लोह रक्तात जायच्या ऐवजी तसंच बाहेर पडतं. डाळ, मेथी, बाजरी यांतल्या लोहाचंही तेच होतं. चहात दूध आहे म्हणून चालेल, असंही नाही, कारण दुधातलं कॅल्शियमसुद्धा लोहाच्या आड येतं. म्हणून जेवणाच्या आणि गोळीच्या आगेमागे किमान एक तास चहा नको. जेवताना लिंबू पिळा, व्हिटॅमिन सीने लोह शोषायला मदत होते. चहा सोडायची गरज नाही, फक्त वेळ बदला.

मला वाटलं, हे तर सोपं आहे. नाश्ता साडेआठला, आईचा चहा साडेदहाला. विषय संपला.

आठ दिवसांनी सकाळी किचनमध्ये गेलो तर आई ओट्याला टेकून, उभ्या उभ्या चहात पोळी बुडवून खात होती.

मी म्हटलं, "अगं आई, डॉक्टर काय म्हणाले?"

ती म्हणाली, "अरे, तुमच्यासाठी टाकलेलाच असतो. गाळून अर्धा कप उरतो, तो मी घेते. साडेदहाला माझ्या एकटीसाठी परत कोण भगुनं ठेवतंय?"

मी गप्पच झालो. इतकी वर्षं मला वाटायचं, आईला पोळीबरोबर चहा आवडतो. ती आमचा उरलेला चहा पीत होती. वेळ आमची, साखर बाबांच्या आवडीची आणि तिच्या वाट्याला अर्धा कप. डॉक्टरांचा सल्ला बरोबर होता, पण तो पाळायचा तर साडेदहाला कुणीतरी गॅसजवळ उभं राहायला पाहिजे. म्हटलं, साडेदहाचा चहा माझ्याकडे.

पहिल्या दिवशीची गंमत ऐका. फोनवर एक व्हिडिओ बघितला, तोही पळवत पळवत. दूध, पाणी, पत्ती, साखर, किसलेलं अद्रक, सगळं एकदम पातेल्यात टाकलं, गॅस बारीक केला आणि कॉलला गेलो. परत येऊन बघतो तर पातेल्यात पनीर! खाली हिरवट पाणी, वर दह्यासारख्या गुठळ्या.

आईने डोकावून बघितलं. "अद्रक कधी टाकलंस रे?"

"सगळ्यात आधी. दुधातच."

हसली. म्हणाली, "अद्रक आधी पाण्यात खळखळ उकळू द्यायचं. दूध मग." का, ते तिला माहीत नव्हतं. तिची आई तसंच करायची.

चार वर्षं बीटेक केलेल्या मलाही ते माहीत नव्हतं, म्हणून वाचलं. कच्च्या अद्रकात झिंजिबेन नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनं तोडतं. दुधातलं केसीन हे प्रथिन त्याने तुटलं की दूध फाटतं. हे एन्झाइम साधारण 60 अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात काम करतं आणि उकळीला निकामी होतं. मी बारीक गॅसवर दूध हळूहळू तापवत होतो, म्हणजे त्याला कामाला भरपूर वेळ दिला. आईच्या पद्धतीत ते पाण्यातच उकळून संपतं आणि दुधापर्यंत फक्त चव पोहोचते. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात मात्र लोक हेच मुद्दाम करतात. अद्रकाच्या रसावर गरम दूध ओततात आणि ते आपल्या खरवसासारखं घट्ट होतं. म्हणजे माझा चहा बिघडला होता, पण तिकडची स्वीट डिश थोडक्यात हुकली होती!

आता रेसिपी. हे आमच्या चार कपांचं माप आहे.

अडीच कप पाणी. त्यात एक इंच अद्रक, किसून नाही, खलबत्त्यात ठेचून. पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, अद्रक म्हणजे तुमचं आलं. आपल्या जिल्ह्यात फुलंब्री, खुलताबाद, कन्नड या भागात ते भरपूर पिकतं, मंडईत ताजं मिळतं. कुंडीत गवती चहा असेल तर चार-पाच पात्या कापून टाका. दोन लवंगा, दालचिनीचा छोटा तुकडा, चार मिरे. हे सगळं मोठ्या गॅसवर चांगलं चार मिनिटं उकळू द्या. या चार मिनिटांत घाई करायची नाही.

मग साखर आणि तीन चमचे पत्ती. आपण घरात जी दाणेदार पत्ती वापरतो ती सीटीसी, म्हणजे पानं चिरडून, फाडून, वळवून केलेली. हे यंत्र 1930 च्या दशकात आसाममध्ये आलं. दाणे बारीक असल्यामुळे रंग आणि कडकपणा झटपट उतरतो, म्हणून दोन मिनिटं पुरे. दहा मिनिटं उकळलात तर चहा कडक होत नाही, कडू होतो.

आता दोन कप दूध. शेजारच्या बर्नरवर आधीच गरम केलेलं, फ्रिजमधलं थंडगार नको, नाहीतर उकळी मोडते आणि चव पातळ लागते. दूध टाकलं की चहा वर येईल, गॅस कमी करा, खाली बसू द्या, परत वर येऊ द्या. असं दोनदा.

विलायची सगळ्यात शेवटी. तीन विलायच्या ठेचून टाका, गॅस बंद करा, एक मिनिट झाकण. तिचा वास फार उडून जाणारा असतो. सुरुवातीलाच टाकली तर घरभर सुगंध सुटतो आणि कपात काही उरत नाही.

आणि गुळाचा चहा करणार असाल तर गूळ गॅस बंद केल्यावरच घाला. उकळत्या दुधात गूळ टाकला की चहा फाटायची भीती असते.

झालं. एकूण दहा-बारा मिनिटं. माझ्या कॅलेंडरवर साडेदहाचा स्लॉट आता ब्लॉक केलेला आहे. टीममध्ये कुणी विचारलं तर सांगतो, आईचा चहा आहे. एकदाही कुणी हरकत घेतली नाही.

तीन महिन्यांनी आईचं हिमोग्लोबिन 11.2 आलं. श्रेय गोळ्यांचं आणि डॉक्टरांचं, माझं नाही. मी डॉक्टर नाही, तुमच्या घरी कुणाला त्रास असेल तर आधी रक्त तपासा, कारण हिमोग्लोबिन कमी असण्याची कारणं बरीच असतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया आढळला होता. म्हणजे हा भाग ऐकणाऱ्या बहुतेक घरांत कुणीतरी असणारच. आज एवढंच विचारा, आई, तू गोळी कशाबरोबर घेतेस? आणि चहा कधी पितेस?

उत्तर ऐकून नुसतं ओरडू नका. वेळ बदलायची असेल तर त्या वेळेला पातेलं तुम्ही ठेवा.

पहिले काही दिवस आई साडेदहालाही कप घेऊन उभीच राहायची. मी कप डायनिंग टेबलावर ठेवायला लागलो, तेव्हा बसायला लागली. आता बसून, फुंकर मारत, पूर्ण कप पिते. आणि रोज काहीतरी चूक काढते. काल म्हणाली, मिरे जास्त झाले. आज बघू काय म्हणते.

चला, पाणी उकळलं, पत्ती टाकायची वेळ झाली. तुमच्या घरी चहात काय काय पडतं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि अद्रक आधी उकळा!