तेल गळते, गाडी डुलते

मोटारीचे शास्त्र हा काही माझा विषय नव्हे. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. पण दिवाळीच्या सुटीत आईला घेऊन कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला जायचे ठरले, म्हणून गाडी नेहमीच्या गॅरेजात देऊन आलो. ऑइल बदलले, पुढच्या डाव्या चाकाकडे खडखड होती, तिथले वरचे रबर नवे घातले. गाडी छान आली. दहाएक दिवसांनी पाहतो तो, गतिरोधकावरून उतरले की गाडीचे नाक झोपाळ्यासारखे डुलते आहे आणि त्याच चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल!

पहिली भीती ब्रेकची. ब्रेकचे तेलही चाकापाशीच गळते, आणि ते असेल तर गाडी जागची हलवायची नाही. बॉनेट उघडून ब्रेकच्या तेलाची डबी पाहिली. पातळी कमी झाली नव्हती. मग टॉर्च घेऊन वाकलो. शॉक अ‍ॅब्सॉर्बरची (गॅरेजातली मंडळी त्याला शॉकअप म्हणतात) नळी तेलाने भिजलेली, वर धुळीचा लेप. नुसता पातळसा ओशटपणा असता तर चिंता नव्हती. तेवढे तेल दांडीबरोबर येतेच.

आता हे तेल करते काय? गाडीचे ओझे ते पेलत नाही. ते काम स्प्रिंगचे. १९५५ साली फ्रान्समध्ये सित्रोएनची डीएस गाडी निघाली, तिचे ओझे मात्र तेल आणि वायू यांवर तोललेले असे. दाब गेला की ती खाली बसे. आपल्या गाडीचे तसे नाही, आणि माणूस फसतो तो इथेच. तेल संपले तरी गाडी पूर्वीच्याच उंचीवर दिमाखात उभी! स्प्रिंग दबते, उसळते. ती उसळी जिरवायची ती या तेलाने. नळीत दट्ट्या असतो. त्याच्या बारीक भोकांतून तेल रेटले जाते आणि उसळीची शक्ती उष्णता होऊन जाते. तेल गेले की चाक रस्त्याला धरून राहत नाही, उडू लागते. उडालेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? घाटातल्या वळणावर तर विचारूच नका.

"सर, गाडी जुनी झाली, तेल सुटायचंच," मिस्त्री म्हणाले. मी म्हटलं, "दांडीवरचं रबर वर करून दाखवा बघू." गाडी जॅकवर घेऊन त्यांनी दाखवले. चकचकीत दांडीवर पकडीचे दात स्पष्ट उमटलेले. वरचा नट आवळताना दांडी फिरते; ती टोकालाच धरायची असते. इथे कुणीतरी मध्येच पकडीने धरली होती. असा ओरखडा ऑइल सीलमधून हजारदा वरखाली झाला की सील फाटणारच. मिस्त्री थोडा वेळ बोलले नाहीत. मग पलीकडे पान्हे पुसणाऱ्या पोराकडे त्यांनी पाहिले, तेव्हा मलाच अवघडल्यासारखे झाले.

"तेल भरून देऊ का?" मॉरिस मायनरसारख्या जुन्या गाड्यांत तेल भरायला बूच असे, आताची नळी बंद. फोडून भरली तरी ओरखडलेली दांडी तीच. तेव्हा नवे घ्यायचे, तेही जोडीने. नाहीतर एक बाजू घट्ट, एक ढिली. एकाचे पैसे मिस्त्रींनी सोसले, एकाचे मी. पोराच्या पगारातून कापू नका, एवढे मात्र बजावून आलो. चाकांची अलाइनमेंट करून निघायला दोन दिवस उशीर झाला. आंबा घाट उतरताना आई मागच्या सीटवर झोपली होती.