राणीमाशीची उबवणपेटी



वैशाखात, पारा चाळिशी ओलांडण्याच्या दिवसांत, धाराशिवकरांपुढे ऊब कशी निर्माण करावी हे सांगावयास उभे राहणे म्हणजे धाडसच. पण माश्यांच्या राण्या तयार करण्याचा हंगाम दिवाळीनंतर येतो. त्याची तयारी आतापासूनच करावी लागते, म्हणून हा विषय घेतला.

मोहोळात राणी एकच असते. ती गेली आणि दुसरी मिळाली नाही, की कामकरी माश्या म्हाताऱ्या होऊन गळत जातात आणि काही महिन्यांत पेटी रिकामी होते. याचे आपल्याला काय, असे शहरातला माणूस म्हणेल. आपल्याकडे सूर्यफूल होते, करडई होते. सूर्यफुलाचे परागकण जड व चिकट असतात, ते वाऱ्याने फारसे जात नाहीत. माशी फिरकली नाही तर तबकडी थाळीएवढी दिसते आणि आतले दाणे पोचट निघतात. शेतात माश्या हव्यात तर पेट्या वाढल्या पाहिजेत, आणि प्रत्येक नव्या पेटीला एक राणी पाहिजे.

राणी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या अंड्यातून होतात. फरक पडतो तो अन्नाने. ज्या अळीला अखेरपर्यंत राजान्न मिळते ती राणी होते. तिचे घर पोळ्यात आडवे नसते, ते भुईमुगाच्या शेंगेसारखे खाली लोंबते. डूलिटल नावाच्या अमेरिकन मधपाळाने १८८९ साली आपल्या ग्रंथात मेणाच्या कृत्रिम वाट्यांत कोवळ्या अळ्या ठेवून राण्या वाढविण्याची रीत सांगितली. आजही मूळ रीत तीच आहे. एक दिवसाच्या आतली अळी वाटीत ठेवावयाची आणि ती चौकट राणी नसलेल्या बळकट पेटीत द्यावयाची. माश्या तिला भरवितात आणि सुमारे पाचव्या दिवशी घराचे तोंड बंद करतात. अंडे घातल्यापासून सोळाव्या दिवशी, म्हणजे अळी ठेवल्यापासून साधारण बाराव्या दिवशी राणी बाहेर येते.

तोंड बंद झाले की अळीला बाहेरून अन्न लागत नाही, ऊब लागते. आमच्या पेटीचे काम तेवढेच. राणी माश्याच वाढवितात, आपण शेवटची ऊब देतो. मग ती घरे माश्यांकडेच का राहू देऊ नयेत? कारण पहिली राणी बाहेर पडली की ती उरलेल्या बहिणींची घरे कुरतडून त्यांना नांगी मारते. एक राणी काही तास लवकर निघाली, तर सकाळी आपल्याला बाजूला भोके पडलेली घरे मोजावी लागतात. म्हणून दहाव्या दिवशी घरे काढून प्रत्येक घर जाळीच्या लहानशा पिंजऱ्यात वेगळे ठेवावे. मधल्या दिवसांत मात्र हात लावू नये. कोषाचे पंख घडत असतात, धक्का बसला की राणी लुळ्या पंखांची निघते.

आम्ही पहिल्या वेळी कोंबडीची अंडी उबविण्याचे यंत्र जसेच्या तसे वापरले. त्यातली एकही राणी निघाली नाही. कोंबडीच्या अंड्याला साडेसदतीस अंश सेल्सिअस लागतात, राणीच्या कोषाला ३४ ते ३५. शिवाय त्या यंत्रात अंडी फिरत राहतात, आणि राणीचे घर तर टोक खाली करून स्थिर टांगावयाचे. फिरण्याची सोय बंद केली, अंश उतरविले, तेव्हा कुठे तेच यंत्र उपयोगी पडले.

यंत्र नसेल त्याने थर्माकोलची जाड पेटी घ्यावी. ऊब देण्यास जुना तारेचा दिवा लागतो, एलईडीने हे काम होत नाही. दिव्यावर पत्र्याचा डबा उलटा घालावा, म्हणजे समोरचे घर भाजत नाही. हवा फिरविण्यास संगणकातला लहान पंखा लावावा, आणि दिवा चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट बसवावा. त्याची तार घरांच्या उंचीवर बांधावी. आम्ही ती झाकणाला बांधली होती. वर ३५ आणि खाली ३१ असा कारभार चालला होता हे चार दिवसांनी कळले. तपासणीस ताप मोजण्याची नळी घेऊ नका, तिची पट्टी बहुधा पस्तिशीलाच सुरू होते. प्रयोगशाळेतली साधी नळी घ्यावी आणि रिकामी पेटी दोन दिवस चालवून पाहावी. ओलाव्यासाठी बशीत मीठ घालून वर थोडे पाणी ओतावे, तळाशी न विरघळलेले मीठ राहिले पाहिजे. अशी बशी बंद पेटीतला ओलावा शेकडा पंचाहत्तरच्या आसपास धरून ठेवते.

आपल्याकडे खरी अडचण विजेची. तळाशी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर त्या ऊब साठवितात. वीज गेली की वरून घोंगडी टाकावी आणि झाकण उघडण्याचा मोह आवरावा. वीज लवकर येण्याचे लक्षण नसेल तर पिंजरे चौकटीला बांधून पुन्हा बळकट पेटीत द्यावेत. पौषात रात्रीचा गारठा आणि दुपारचे ऊन यांत मोठे अंतर असते. म्हणून पेटी पत्र्याखाली न ठेवता माळवदाच्या घरात, मधल्या खोलीत ठेवणे बरे.

उन्हाळ्यात हा उद्योग करू नये. ही पेटी तापविते, थंड करीत नाही. बाहेरच चाळीस असेल तर दिवा बंद राहूनही कोष मरतील. आणि राणी निघाली तरी फुले नसलेल्या दिवसांत नर कोठून आणणार? तिचे मीलन हवेत, अनेक नरांशी होते. करडई-सूर्यफूल बहरात असते तेव्हा माश्या नर पोसतात, तोच आपला हंगाम.

आमची पेटी येथे मेजावर ठेवली आहे. आज ती अर्थातच रिकामी आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर पुढे यावे, दिवा लावून दाखवू. मुलांनी डब्याला मात्र हात लावू नये, तो चांगलाच तापतो.