सायकल, फेरीबोट आणि मांडवीतील बेटे

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली कार्यान्वित झाली. कारखान्याच्या उभारणीबरोबर वसलेल्या कॅम्प-१ सारख्या कामगारवस्तीत सायकल ही चैनीची वस्तू नव्हती; पाळीच्या भोंग्याशी बांधलेले ते वाहन होते. हेच वाहन सुट्टीच्या दिवशी मनुष्यास कोठवर नेऊ शकेल, असा प्रश्न समुद्रापासून इतक्या दूरच्या नगरीत उपस्थित झाला, तर त्याचे एक समाधानकारक उत्तर गोव्यात, मांडवी नदीतील बेटांवर सापडते.

तिसवाडी तालुका हा मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांनी वेढलेला प्रदेश होय. मूळच्या तीस वसाहतींवरून त्याला हे नाव पडले. चोडण, दिवाडी, सांत इस्तेव्ह ही बेटे याच परिसरातील. त्यांचे अंतर सायकलस्वाराच्या आवाक्यातले आहे आणि जेथे रस्ता संपतो तेथे फेरीबोट त्याला सायकलीसह पलीकडे नेते. पावसाळा संपल्यानंतरचे, स्वच्छ उन्हाचे महिने या प्रवासास अनुकूल असतात. मात्र शेतांमधून जाणाऱ्या बांधावरच्या रस्त्यांवर सावली फारशी नसते, म्हणून सकाळी लवकर निघणे हिताचे.

पणजीहून रायबंदराकडे जाताना पहिलाच रस्ता इतिहासाचा आहे. दलदलीवरून गेलेला सुमारे तीन किलोमीटर लांबीचा हा दगडी सेतुमार्ग सतराव्या शतकात, लिन्यारिशचा काउंट हा व्हाइसरॉय असताना बांधला गेला. रायबंदराच्या धक्क्यावरून बोट चोडणला जाते. या बेटाच्या पश्चिम टोकास, खारफुटीच्या वनात, १९८८ साली पक्षी-अभयारण्य स्थापन झाले व त्यास एका वर्षापूर्वीच निवर्तलेल्या सालिम अली यांचे नाव देण्यात आले. त्याचे क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरही नाही. परंतु खंड्या, बगळे आणि हिवाळी पाहुणे पक्षी यांच्या दृष्टीने तेवढीही जागा लहान नसते.

या बेटांची खरी रचना पाहावयाची तर खाजन जमिनीकडे पाहिले पाहिजे. भरतीच्या पातळीखाली असलेली ही शेते मातीच्या बांधांनी राखलेली आहेत. बांधात ठिकठिकाणी 'मानस' नावाची दारे असतात. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने दार मिटते; ओहोटी लागली की आतले पाणी त्यास उघडून बाहेर पडते. खारे पाणी सोसणारे 'कोरगूट' भात येथे शतकानुशतके पिकत आले आहे. बांध एका जागी फुटला, तर खारे पाणी कोणाचे शेत कोणते हे विचारीत नाही. म्हणून त्याची निगा ही सामुदायिक जबाबदारी ठरली. मोटारीतून जाणाऱ्याला हे दार दिसतही नाही. सायकलस्वाराला ते दिसते, आणि थांबावेसे वाटले तर त्याला थांबताही येते.

जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयच्या कमानीजवळून दुसरी बोट दिवाडीस जाते. या बेटावरील नार्वे येथे कदंब राजघराण्याचे आराध्य दैवत सप्तकोटेश्वर याचे मंदिर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने ते उद्ध्वस्त केल्यानंतर लिंग नदीपार डिचोलीकडील तीरावर नेण्यात आले. तेथील मंदिराचा १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला; द्वारावरील शिलालेख त्याची साक्ष देतो. आज दोन्ही तीरांवरील गावांचे नाव नार्वे हेच आहे आणि त्यांना फेरीबोट जोडते. काही मिनिटांचे हे पाणी एके काळी दोन राज्यांमधील सीमा होते, हे ध्यानात ठेवून ते ओलांडले म्हणजे सहलीला निराळाच अर्थ प्राप्त होतो.

येथवर सुट्टीचा आनंद झाला. परंतु हेच पाणी बेटवासीयांना रोज ओलांडावे लागते. दिवाडीला अद्याप पूल नाही. शाळा-कचेरीची वेळ, बाजारहाट, रात्रीअपरात्री उद्भवलेले आजारपण या सर्वांना बोटीच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे लागते. २०२५ साली रायबंदर-चोडण मार्गावर मोठ्या रो-रो बोटी सुरू झाल्या, त्यामागे वाहनांच्या रांगांचीच व्यथा होती. पूल झाला तर रुग्ण लवकर इस्पितळात पोहोचेल, हे निर्विवाद आहे. त्याच पुलावरून जमिनीचे खरेदीदार आणि मोटारींची गर्दीही येईल व बांधांची निगा राखणारे हात कमी होतील, ही भीतीही निराधार नाही.

या वादाचा निकाल पाहुण्याने देऊ नये. धक्क्यावरील पंधरा मिनिटांची प्रतीक्षा त्याला विश्रांती वाटते. शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ती रोजच्या आयुष्यातली वजाबाकी असते. आपल्याला शांतता हवी म्हणून इतरांनी गैरसोयीत राहावे, अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार कोणाही प्रवाशाला नाही. त्याच्या हाती एवढेच आहे की त्याने बेटावर आपला भार पडू देऊ नये: रस्ता अडवू नये, बांध तुडवू नये, मागे कचरा ठेवू नये, आणि बोटीत जागा अपुरी असेल तेव्हा घाईत असलेल्या गावकऱ्यास आधी जाऊ द्यावे. पुढची बोट येईपर्यंत पाहण्याजोगी नदी समोर असतेच.