पडणं मोजा, पण चालणंही मोजा

बारामती-इंदापूर भागातल्या वृद्धाश्रमांचे विश्वस्त, व्यवस्थापक आणि मावशी-मामा यांच्यापुढं मी जे बोलले, ते थोडं नीटनेटकं करून इथं देतेय.

विषय एकच : आजी-आजोबांचं पडणं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडल्यामुळं दगावतात, आणि त्यात साठीपुढचीच जास्त. खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो. मग पाठीला जखमा, छातीत कफ... पुढचं तुम्ही पाहिलेलं आहे.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 19 सांगतं की प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम असावा. चांगलं आहे. पण पहाटे अंधारात उठून संडासकडं निघालेली आजी का पडते, हे कायदा सांगणार नाही. ते आपल्यालाच शोधायचंय.

शोधायची रीत सोपी आहे. स्वतःला तीन प्रश्न विचारा. काय साधायचंय? ते साधलं हे कशावरून कळेल? त्यासाठी कोणता बदल करून बघायचा? मग ठरवा, करा, तपासा, जमलं तर पुढं न्या. डेमिंग नावाच्या अमेरिकन तज्ज्ञानं 1950 मध्ये जपानच्या कारखानदारांना गुणवत्तेचे धडे दिले, त्याच वळणाची ही रीत. कारखान्यातनं ती दवाखान्यात आली, आपल्याकडंही चालते.

सुरुवात एका शंभर पानी वहीनं करा. तारीख, वेळ, जागा, काय करताना पडले, पायात काय होतं, दिवा होता का, गोळ्या बदलल्या होत्या का. ‘चूक कुणाची’ हा रकाना नको. विश्वस्त मंडळी, पहिल्याच नोंदीवर मावशीला झापलंत तर दुसरी नोंद होणारच नाही. आणि पहिल्या महिन्यात आकडा वाढला तर घाबरू नका. पूर्वी जे झाकलं जायचं, ते आता लिहिलं जातंय.

मग वही वाचा. रात्री जास्त पडतायत? लघवीची गोळी संध्याकाळी देताय का, ते बघा. ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनानं बदलू नका. बीपीची गोळी घेणाऱ्याला झटकन उठल्यावर चक्कर येते. उठायच्या आधी मिनिटभर खाटेच्या कडेला बसवा. शहाबादी फरशी ओली आहे का? झिरोचा दिवा इन्व्हर्टरवर आहे का? एप्रिल-मेमध्ये इंदापूरकडं ऊन कसं असतं, तुम्हाला सांगायला नको. रात्री उठावं लागू नये म्हणून आजी पाणीच पीत नाहीत, आणि त्यानंच चक्कर येते.

एका वेळी एकच बदल करा, एकाच खोलीत, पंधरा दिवस. सगळं एकदम बदललं तर कशानं फरक पडला हे कळत नाही, आणि रात्रपाळीच्या एकट्या मावशीवर सगळा भार येतो.

आता खरी गोम. एका वृद्धाश्रमात तीन महिने वही कोरी होती. सगळे खूश. मी खोल्यांतनं फिरले, तर दोन आजींना कमरेला जुनी साडी बांधून खाटेला अडकवलेलं. मावशी म्हणाल्या, “ताई, पडलं की घरचे आमच्याच अंगावर येतात. रात्री मी एकटी.” त्या दुष्ट नव्हत्या. आपण त्यांच्याकडं एकच आकडा मागितला होता, तो त्यांनी दिला. पण बांधलेल्या माणसाच्या पायातलं बळ जातं, आणि मग तो सोडल्यावर हमखास पडतो. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधलं न जाण्याचा हक्क अमेरिकेनं 1987 मध्येच कायद्यानं तिथल्या रहिवाशांना दिला.

म्हणून वहीत दुसरा रकाना हवाच : आज कितीजण खाटेवरून उतरून चालले? पडणं कमी झालं आणि चालणंही कमी झालं, तर त्याला सुधारणा म्हणायचं नाही.

त्या ठिकाणी आम्ही एकाच आजींपासून सुरुवात केली. खाट बुटकी केली. आजी स्वतःहून उठायच्या आधीच, पहाटे साडेचारला, मावशी त्यांना संडासला नेऊन आणायच्या. सकाळपाळीची बाई तासभर आधी यायला लागली. आजी पुन्हा अंगणात तुळशीपर्यंत चालायला लागल्या. मध्ये एकदा पडल्याही. हाड मोडलं नाही, नोंद झाली, आणि मुलाला त्याच दिवशी फोन केला. त्याला आधीच सगळं सांगितलेलं असल्यामुळं भांडण झालं नाही.

हे बोलणं प्रवेशाच्या दिवशीच करा. “आम्ही त्यांना चालतं ठेवणार. काळजी घेऊ, पण कधीतरी पडूही शकतात,” असं स्पष्ट सांगा आणि अर्जावर लिहून घ्या. कुणी पडलंच तर बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं की इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, गाडी कुणाची, फोन कुणाला, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. रात्री दोन वाजता ते शोधत बसायला नको.

उद्याच वही आणा. दोन रकाने आखा, आणि महिन्याभरानं काय दिसलं ते मला कळवा.